पात्र असे का वागले, लेखकाने असे का लिहिले : काय करावे, काय टाळावे

मीरा-भाईंदरमधल्या आमच्या वाचनकट्ट्यावर येणाऱ्या सर्वांसाठी. बैठकीला निघण्यापूर्वी एकदा वाचा.

काय करावे

वाचायला बसताना

• पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचून या; अर्ध्यावर बांधलेला अंदाज पुढच्या अर्ध्यात बहुधा मोडतो.

• पहिल्या आवृत्तीचे साल वहीत सर्वांत वर लिहा. 'यमुनापर्यटन' १८५७चे, 'रणांगण' १९३९चे, 'बलुतं' १९७८चे, हे समोर असले की पात्राकडून भलती अपेक्षा होत नाही.

• अर्पणपत्रिकाही वाचा. अण्णा भाऊ साठे यांनी 'फकिरा' (१९५९) बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली, आणि लेखक कुठे उभा आहे ते कथा सुरू होण्याआधीच कळते.

• लोकलमध्ये वाचत असाल तर प्रकरण संपल्यावरच पुस्तक मिटा. भाईंदर ते चर्चगेट एक मोठे प्रकरण सहज होते.

• दारात उभ्याने वाचलेली पाने घरी पुन्हा वाचा.

• पेन्सिल जवळ ठेवा आणि वागणे खटकले तिथे समासात 'का?' एवढेच लिहा. वाचनालयाच्या पुस्तकात चिठ्ठी घाला, रेघ ओढू नका.

• छोटे पुस्तक दोनदा वाचा. 'रणांगण'चा शेवट कळल्यावर चक्रधरचे सुरुवातीचे बोलणे वेगळे ऐकू येते.

पात्राचा हेतू शोधताना

• प्रत्येक मोठ्या निर्णयापाशी थांबून विचारा: या क्षणी याला हवे काय होते, आणि तोवर याला ठाऊक काय होते?

• पात्राला कळलेले आणि आपल्याला कळलेले वेगळे ठेवा. 'पण लक्षात कोण घेतो?'मधली लहानगी यमू घरातल्या मोठ्यांचे वागणे जसेच्या तसे सांगते. त्यातला अन्याय तिला पुरता उमगत नाही, वाचकाला उमगतो, आणि पुस्तकाची सारी ताकद या दोहोंमधल्या अंतरात आहे.

• दुसरा कोणता मार्ग खरोखर उघडा होता का ते तपासा. यमूला स्वतःची मिळकत नाही, स्वतःचे घर नाही, नवऱ्यामागे तिच्या बाजूने बोलणारे माणूस नाही.

• पहिल्या घावाचे पान शोधा. 'एकच प्याला'त सुधाकरला दारूची ओढ आधीपासून नसते. मुन्सफाशी खटका उडतो, सनद अडकते, हुशार माणसाचा अहंकार चारचौघांत दुखावतो, आणि नेमक्या त्या वेळी प्याला पुढे करणारा तळीराम समोर असतो. घाव आणि प्याला यांच्यामधली पाने सावकाश वाचा.

• माणूस बोलतो काय आणि करतो काय, हे दोन रकान्यांत लिहा. दोन्ही जुळत नाहीत तिथे हेतू सापडतो.

• गावाचे मत तिसऱ्या रकान्यात टाका. 'गारंबीचा बापू'त (१९५२) गाव बापूला वाया गेलेला ठरवते, पण तो जे करतो त्याच्याशी हे मत ताडून पाहा.

• पैशाचा हिशेब काढा: कर्ज कोणाचे, जमीन कोणाच्या नावावर, दागिने कोणाच्या पेटीत. 'संगीत शारदा'त (१८९९) कांचनभटाला म्हाताऱ्या भुजंगनाथाचे स्थळ का गोड वाटते, त्याचे उत्तर पैशातच आहे.

• कठोर वागण्यामागची भीती पाहा. 'श्यामची आई'त श्यामला पोहायला पाठवण्यासाठी आई हातात शिंपटी घेते, कारण आपल्या मुलाला लोकांनी भित्रा म्हणावे हे तिला सोसणार नाही. फटका आणि माया तिथे एकाच हातात आहेत.

• विनोद जिथे अचानक वाढतो तिथे वाचण्याचा वेग कमी करा. 'कोसला'तला पांडुरंग सांगवीकर दुःख सरळ बोलून दाखवणारा नव्हे. धाकट्या मनीच्या मृत्यूची पाने वाचून मागे जा, त्याच्या आधीच्या थट्टा पुन्हा वाचा आणि तो काय टाळत होता ते पाहा.

• गप्प बसणाऱ्याची नोंद ठेवा. 'एकच प्याला'तली सुधाकरची बायको सिंधू बोलत नाही तेव्हाही ती दळण दळून घर चालवत असते.

• एकाच प्रसंगाच्या दोन साक्षी असतील तर शेजारी ठेवून वाचा; 'ययाति'मध्ये ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू सांगतात, आणि प्रत्येक जण स्वतःला सोयीचे तेवढेच आठवतो.

• जमावाचा हेतूही शोधा. 'शांतता! कोर्ट चालू आहे'मध्ये लीला बेणारेला कोंडीत पकडणारी माणसे एकेकटी दुबळी आहेत: सुखात्मे अशील नसलेला वकील, पोंक्षे परीक्षेत नापास झालेला, रोकडे दुसऱ्याच्या घरी आश्रित. बेणारे नाटकाच्या आरंभी यांच्या उणिवा हसत हसत बोलून दाखवते. पुढचा सारा खटला त्या हसण्याची परतफेड म्हणून वाचून पाहा. जागोजाग दुवे सापडतील.

• सूड आणि महत्त्वाकांक्षा यांची गाठ सोडवून पाहा. 'घाशीराम कोतवाल'मध्ये पुण्यात झालेली मारहाण घाशीरामाला पेटवते, पण कोतवालीसाठी मुलीला नाना फडणवीसांपुढे उभे करण्याची किंमत तो स्वतः ठरवतो.

• घराण्याची अब्रू हाही हेतूच माना. 'वाडा चिरेबंदी'त (१९८५) तात्याजींच्या दिवसांचा खर्च झेपत नसताना केला जातो, कारण गावाला धरणगावकर देशपांड्यांचे खरे दिवस दिसू द्यायचे नसतात.

• गावासाठी केलेले आणि स्वतःसाठी केलेले वेगळे करा. 'फकिरा'त राणोजी जोगणी आणायला जातो तेव्हा त्याला गावाचा मान हवा असतो, आणि त्या मानात त्याच्या माणसांचा वाटा किती हा प्रश्न अण्णा भाऊ वाचकापुढे उघडा ठेवतात.

लेखकाची निवड ओळखताना

• कथा कोण सांगतो, हा पहिला प्रश्न विचारा. हरिभाऊ आपट्यांनी पुरुष असून यमूच्या तोंडून सगळे सांगायचे ठरवले. तीच कथा सासरच्या शंकरमामंजींच्या तोंडून ऐकली तर काय उरेल, याची कल्पना करून पाहा.

• सांगणारा कोणाला सांगतो तेही पाहा. 'श्यामची आई'त मोठा झालेला श्याम रात्री आश्रमातल्या मित्रांना गोष्टी सांगतो, म्हणजे आपण जे वाचतो ते आईला गमावलेल्या मुलाने निवडलेले आहे.

• सांगणारा दुभंगला असेल तर दोन्ही तुकडे जपा. 'बलुतं'मध्ये दगडू मारुती पवार आपली हकीकत दया पवारांना सांगतो, आणि लेखकाने स्वतःतच पाडलेली ही फट पुस्तकाइतकीच बोलकी आहे.

• लेखन कुठे आणि कसे झाले ते पाहा: साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत लिहिली, हरिभाऊंची कादंबरी 'करमणूक' साप्ताहिकातून हप्त्याहप्त्याने आली, त्यामुळे प्रकरणाच्या शेवटी वाचकाला पुढच्या अंकापर्यंत धरून ठेवणे त्यांना भागच होते.

• न दाखवलेले माणूस मोजा. 'शांतता!'मधला प्रोफेसर दामले रंगमंचावर कधीच येत नाही. ज्याच्यामुळे बेणारे या प्रसंगात आहे, तो नेमका या कोर्टाच्या तावडीत सापडत नाही. तेंडुलकरांनी एका पात्राला बाहेर ठेवून जे सांगितले ते पानभर संवादांनी सांगता आले नसते.

• खोटी साक्ष कुठून येते ते बघा. त्याच नाटकात सामंत एका कादंबरीतून मजकूर वाचतो आणि कोर्ट तो पुरावा म्हणून स्वीकारते.

• जुनी कथा नव्याने घेतली असेल तर बदल शोधा, साम्य नव्हे. 'नटसम्राट' (१९७०) वाचताना 'किंग लिअर' आठवणारच. लिअरला तीन मुली, अप्पा बेलवलकरांना नंदा आणि नलू. आणि सर्वांत मोठा बदल कावेरी आहे: शेक्सपिअरने लिअरजवळ बायको ठेवली नाही, शिरवाडकरांनी अप्पांजवळ ठेवली. कावेरी गेल्यावर अप्पा कसे बोलू लागतात ते वाचा, म्हणजे ती निवड कशासाठी होती ते कळेल. या एका मुद्द्यावर पूर्ण बैठक द्यायला माझी तयारी आहे.

• पुराणातले पात्र असेल तर मूळ कथाही थोडक्यात वाचून या. शिवाजी सावंतांनी 'मृत्युंजय'मध्ये (१९६७) कर्णाबरोबर शोण, वृषाली, कुंती, दुर्योधन आणि कृष्ण यांनाही बोलते केले आहे, आणि कोणाला आवाज दिला हाच लेखकाचा कौल आहे.

• वस्तूंवर लक्ष ठेवा. 'वाडा चिरेबंदी'तला गंजत पडलेला ट्रॅक्टर कोणी हलवत नाही, आणि तो तिथेच का राहिला हे विचारले की घरातल्या प्रत्येकाबद्दल काहीतरी हाती लागते.

• बोली मोठ्याने वाचा. 'धग'मधली (१९६०) कौतिक वऱ्हाडीत बोलते. तिची जिद्द आणि तिचा त्रागा प्रमाण मराठीत उतरवला की अर्धा वाया जातो. मुर्धे-राईकडे आगरी बोलत वाढलेल्या सभासदांना हे सांगावे लागत नाही, त्यांनी इतरांना वाचून दाखवावे.

• टोपणनावाचे कारण शोधा. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' लिहिणाऱ्या बाईंना विभावरी शिरूरकर या नावाआड राहावे लागले, यातच तो काळ काय ऐकायला तयार नव्हता ते आले.

नाटक पाहून येत असाल तर

• लता मंगेशकर नाट्यगृहात किंवा मुंबईत प्रयोग पाहिला असेल तर त्यानंतर संहिता वाचा. काय कापले गेले ते कळल्याशिवाय लेखकाला जाब विचारू नका.

• दिग्दर्शकाची निवड वेगळी लिहा. घाशीरामातली माणसांची भिंत प्रयोगात डोळ्यांना जे सांगते ते नुसत्या कागदावर तेवढे दिसत नाही.

• बालगंधर्वांनी सिंधू केली हे लक्षात ठेवा. पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेलेली सिंधू आणि गडकऱ्यांनी लिहिलेली सिंधू यांत फरक असू शकतो.

कट्ट्यावर बोलताना

• मत मांडताना पान उघडा आणि प्रकरणाचा क्रमांक सांगा. आवृत्त्या वेगळ्या असल्या की पानांचे आकडे जुळत नाहीत.

• 'मला वाटते'च्या पुढे 'कारण या प्रसंगात' हे शब्द येऊ द्या.

• विरुद्ध मताच्या माणसाला त्याचे पान शोधायला वेळ द्या.

• ज्यांचे वाचन गुजरातीत किंवा हिंदीत झाले त्यांनी आपली पात्रे बरोबर आणावीत; 'गोदान'मधल्या (१९३६) होरीला दारात गाय का हवी असते, हे मराठीतल्या कर्जबाजारी माणसांशेजारी ठेवले की दोन्ही उलगडतात.

• मत बदलले तर तसे सांगा. सुधाकरबद्दल मी एका बैठकीत एक ठाम मत मांडले होते आणि पहिला अंक पुन्हा वाचून पुढच्या बैठकीत ते मागे घेतले.

काय टाळावे

• गाईड वाचून येऊ नका. 'स्वाभिमानी, कष्टाळू, प्रेमळ' ही तीन विशेषणे कोणत्याही नायिकेला चिकटतात, म्हणून कोणाबद्दलच काही सांगत नाहीत.

• तात्पर्य आधी काढू नका. लेखकाला काय 'संदेश' द्यायचा होता, हा प्रश्न शेवटच्या दहा मिनिटांसाठी राखून ठेवा.

• नायक आणि खलनायक अशी वाटणी करू नका. तळीरामाला राक्षस ठरवले की सुधाकरचा स्वतःचा वाटा दिसेनासा होतो.

• प्रत्येक गोष्टीत खलनायक शोधूच नका. 'बनगरवाडी'त (१९५५) पाऊस दडी मारतो आणि गाव उठते. माडगूळकरांनी दोष कोणाच्या माथी मारला नाही, आपणही मारू नये. आपल्यापैकी अनेकांची घरे अशाच कुठल्या तरी कोरड्या गावातून या खाडीकाठी आली, म्हणून ती शेवटची पाने घाईने उलटू नका.

• आजची मोजपट्टी लावून पात्राला नापास करू नका. 'सिंधू घर सोडून का गेली नाही' असे फटकारण्याऐवजी जायला कुठे जागा होती ते १९१९च्या संसारात शोधा.

• काळाचे निमित्त करून सगळ्यांना माफही करू नका. शारदाच्या गोष्टीत भुजंगनाथाच्या डावाला अडवणारा कोदंड त्याच काळातला आहे.

• पात्राचे बोलणे लेखकाच्या तोंडी घालू नका. पांडुरंग सांगवीकर म्हणजे नेमाडे नव्हेत, सखाराम बाईंडर म्हणजे तेंडुलकर नव्हेत. ही चूक कट्ट्यावर सर्वांत जास्त होते आणि हिच्यामुळे चांगली चर्चा भांडणाच्या वळणावर जाते.

• लेखकाच्या चरित्रावरून पात्राचे कोडे सोडवू नका. चरित्र इशारा देते, पुरावा पुस्तकातच लागतो.

• सांगणाऱ्याच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. 'रणांगण'मध्ये हॅर्टाबद्दल आपल्याला बरेचसे चक्रधरकडून कळते, आणि चक्रधर आधीच्या जखमेने कडवट झालेला आहे. तिची पत्रे वेगळी वाचा आणि तो तिला कुठे चुकीचे समजतो ते टिपा.

• सांगणाऱ्याला सरळ खोटारडाही ठरवू नका. बहुतेक जण स्वतःला फसवत असतात, वाचकाला नव्हे.

• एक कारण सापडले की शोध थांबवू नका. देवलांनी 'झुंझारराव' नावाने मराठीत आणलेल्या 'ऑथेल्लो'त इयागो आपल्या द्वेषाची कारणे बदलत राहतो. त्यातले एकच उचलून मोकळे झालात तर त्याच्यातला सर्वांत भयंकर भाग हातून निसटेल.

• मनोविकारांची डॉक्टरी नावे पात्रांना चिकटवू नका. अप्पा बेलवलकरांचे भटकणे एका शब्दात बसवले की तो माणूस आपल्याला दिसायचा थांबतो.

• 'बायका अशाच', 'बामण असेच', 'खेडेगावातले लोक असेच' असली वाक्ये बैठकीत आणू नका. जातीवर, जमातीवर टाकलेला हेतू हा हेतू नव्हे.

• दलित लेखनातल्या पात्रांना दयेने वाचू नका. फकिरा धान्य लुटतो तेव्हा तो उपकार मागत नाही, उपाशी माणसांपुढे पडलेले काम करतो.

• शोकांत शेवटासाठी लेखकाला क्रूर म्हणू नका. यमूचा शेवट गोड केला असता तर तिच्यासारख्या खऱ्या बायकांना न्याय मिळाल्याचा खोटा दिलासा वाचकाला मिळाला असता.

• पदांवरून गडकऱ्यांचा हेतू काढू नका. 'एकच प्याला'ची पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांची आहेत, गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी गेले आणि नाटक त्यानंतर रंगभूमीवर आले.

• चित्रपटावरून कादंबरीबद्दल बोलू नका. पडद्यावर दिसलेला चेहरा पुस्तकातल्या माणसावर बसतो आणि मग उतरत नाही.

• मूळ महाभारताशी जुळत नाही म्हणून 'ययाति' किंवा 'मृत्युंजय' चूक ठरवू नका. जुळत नाही तिथेच लेखक बोलत असतो.

• लांबलचक वर्णने गाळू नका. 'गारंबीचा बापू' लिहिणाऱ्या पेंडश्यांच्या कादंबऱ्यांत कोकणची जमीन आणि पाणी पात्रांइतकेच कथा चालवतात.

• अवघड पुस्तकाला 'कंटाळवाणे' म्हणून बाजूला सारू नका. कुठे कंटाळा आला ते पान घेऊन या, त्यावर बोलू.

• समीक्षकाचे नाव पुढे करून दुसऱ्याला गप्प करू नका. नाव मोठे असले तरी पान दाखवावेच लागेल.

• नव्याने येणाऱ्याच्या उच्चारांवर हसू नका. मीरा रोडच्या ज्या इमारतीत पाच भाषा बोलल्या जातात तिथून कोणी 'धग' हातात घेऊन येत असेल, तर त्याचे वऱ्हाडी कसे येते याची चिंता आपण करू नये.

• शाळकरी सभासदांना 'परीक्षेत हे लिहू नको' असे सांगू नका. त्यांची रसग्रहणाची उत्तरे इथल्या चर्चेनेच सुधारतील.

• कोणाचे घरचे दुःख पात्राच्या निमित्ताने उकरू नका. दारूचा विषय निघाला की काही सभासद गप्प होतात, त्यांना बोलते करू नका.

• बैठक संपण्याआधी पुस्तक पिशवीत टाकू नका. शेवटच्या पाच मिनिटांत कोणीतरी पान मागतेच.